उतरती कळा : 'वेन' हा इंग्रजी शब्द संकष्टीच्या चंद्रावरून

परवा संकष्टी होती. नऊ वाजायला आले तरी चंद्र दिसेना. खाली ताट झाकून ठेवून मी गच्चीत उभी होते, तेवढ्यात भाचीचा फोन आला. ती बँकेच्या परीक्षांची तयारी करते आहे. "मावशी, एक सांग गं. 'वीकन' म्हणजे कमकुवत होणे आणि 'वेन' म्हणजेही कमकुवत होणे. मग माझं उत्तर चुकलं कसं?" प्रश्न रिकाम्या जागेचा होता : 'द फ्लड हॅड ... द पिलर्स ऑफ द ब्रिज.' पुराने पुलाचे खांब कमकुवत केले होते, एवढाच अर्थ. तिने 'वेन्ड' भरलं होतं. हवं होतं 'वीकन्ड'.

मी म्हटलं, "आज चंद्र उगवला की त्याच्याकडे नीट बघ, मग सांगते." तिला वाटलं मी टाळते आहे. पण मला खरंच वाटतं की 'वेन' हा शब्द समजायला संकष्टीच्या चंद्राइतकं चांगलं चित्र दुसरं नाही. शब्दकोशात त्याच्यापुढे 'कमी होणे, क्षीण होणे' असं लिहिलेलं असतं. ते चुकीचं नाही. पण काय कमी होतं, कसं कमी होतं आणि कोणामुळे, हे त्यातून कळत नाही. आणि परीक्षेत असो वा लिहिताना, आपण अडखळतो ते नेमकं तिथेच.

हल्ली हा शब्द सत्ता, उत्साह, पाठिंबा, लोकप्रियता यांच्या बातम्यांत भेटतो. तरी इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात तो चंद्राला धरून असतो. पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होत अमावास्येला दिसेनासा होतो, त्या कमी होण्याला 'वेन' म्हणतात. अमावास्येनंतर तो वाढू लागतो, त्या वाढण्याला 'वॅक्स'. इथे मेणाचा काही संबंध नाही. हा 'वॅक्स' वाढणे या अर्थाचा जुना शब्द आहे आणि जर्मन भाषेतलं 'वाक्सेन' त्याचंच भावंड. शुद्ध पक्षातला चंद्र 'वॅक्सिंग मून', वद्य पक्षातला 'वेनिंग मून'. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपल्या महिन्याचा पहिला पंधरवडा वाढत्या चंद्राचा आणि दुसरा उतरत्या चंद्राचा. विनायकी चतुर्थी पहिल्यात येते, संकष्टी दुसऱ्यात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करत जातो, म्हणून चतुर्थीला उपास सोडणाऱ्यांना रात्रीपर्यंत ताटकळावं लागतं. तो उगवतो तेव्हा बराचसा भरलेलाच असतो, फक्त एका कडेने जरा उणा. इंग्रजीत त्याला 'वेनिंग गिबस' म्हणतात. 'गिबस'च्या मुळाशी कुबड या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

आता त्या चंद्राकडे बघताना चार गोष्टी ध्यानात येतात. तो आधी पूर्ण होता. तो हळूहळू उतरतो आहे, आजचा आणि उद्याचा चंद्र शेजारी ठेवले तर फरक जेमतेम कळेल. त्याला कोणी खाली ओढत नाही, कोणी घाव घातलेला नाही. आणि तो पुन्हा वाढणार आहे. यातली शेवटची गोष्ट प्रत्येक वापरात टिकत नाही, ओसरलेली सत्ता परत येतेच असं नाही. पहिल्या तीन मात्र 'वेन'ची पाठ सहसा सोडत नाहीत. पुलाच्या खांबाला यातली पहिली सोडली तर एकही लागू नाही. पुराने त्याला धडका दिल्या, पाया उकरला. ते काम कोणीतरी केलं.

आपल्याकडे हा शब्द आधीच आहे

मला सगळ्यात आवडणारा भाग आता येतो. 'वॅक्स' या शब्दाचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध चित्र शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवर आहे : 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता'. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली. ज्या मराठी मुलाला 'वर्धिष्णू' माहीत आहे त्याला 'वॅक्सिंग' वेगळं शिकवायला नको. मुद्रेत पौर्णिमेचा चंद्र घेतलेला नाही, कारण पूर्ण चंद्राच्या पुढे उतरणंच असतं. प्रतिपदेच्या कोरीपुढे सगळी वाढ आहे.

आणि 'वेन'साठी? 'उतरती कळा'. घराण्याला उतरती कळा लागली, गिरण्यांना उतरती कळा लागली, असं आपण सहज म्हणतो आणि त्यातला चंद्र विसरून जातो. कळा म्हणजे कला, चंद्रबिंबाचा सोळावा भाग. शुद्ध पक्षात कळा चढतात, वद्यात उतरतात. इंग्रजीत 'ऑन द वेन' असा एक प्रयोग आहे. 'हिज इन्फ्लुअन्स इज ऑन द वेन.' त्याचं मराठी करताना 'त्याचा प्रभाव कमी होत आहे' असं लिहिलं तर अर्थ पोचतो, पण चित्र मरतं. 'त्याच्या प्रभावाला उतरती कळा लागली आहे' म्हटलं की दोन्ही भाषांत तोच चंद्र दिसतो. 'अवकळा' हाही त्याच कुळातला शब्द, पण त्यात हळूहळूपणा उरलेला नाही, नुसती दुर्दशा उरली आहे. म्हणून तो 'वेन'च्या जागी चालत नाही.

याहूनही खोल नातं आहे. 'वेन' ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला, त्याच्या मुळाशी 'उणा, कमी असलेला' हा अर्थ होता. भाषाशास्त्रज्ञ त्या मुळाचा संबंध संस्कृतातल्या 'ऊन' या शब्दाशी जोडतात. ऊन म्हणजे कमी, अपुरं. मराठीत तो जिवंत आहे : उणे, उणीव, उणापुरा, 'कशाला उणं पडलं नाही'. आणि आकडे मोजताना तर आपण तो रोज बोलतो. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, सगळ्यांत तोच 'ऊन' बसलेला आहे. लॅटिनमध्येही एकोणीसला 'विसातून एक' अशा अर्थाचा शब्द होता, फक्त तिथे हे मूळ वापरलेलं नाही. याच मुळाच्या विस्तारातून लॅटिनमार्गे इंग्रजीत 'व्हेकंट', 'व्हेकेशन', 'व्हेन' म्हणजे फोल, आणि 'व्हॅनिश' हे शब्द आले असं मानतात, तर उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून 'वाँट'. 'वाँट'चा मूळ अर्थ 'हवं असणं' नव्हता, 'उणं असणं' होता. 'फॉर वाँट ऑफ मनी' म्हणजे पैशांअभावी, या प्रयोगात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

लाकडाच्या धंद्यातही एक 'वेन' आहे. खोड गोल असतं. त्यातून चौकोनी फळी काढताना कधीकधी कडेला साल राहते किंवा कोपरा भरत नाही. त्या उण्या कडेला इंग्रजीत 'वेन' म्हणतात. तिथे काही हळूहळू कमी होत नाही, नुसतं उणं असतं. शब्दाचा मूळ अर्थ असा एखाद्या धंद्यात टिकून राहतो, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

'वीकन' कुठे आणि 'वेन' कुठे

'कमकुवत' हा आपला शब्द फोडला तर फारसी 'कम' आणि अरबी 'कुवत' मिळतात. 'कमजोर'मध्येही तेच, कमी जोर. इंग्रजी 'वीकन' तसाच सरळ आहे : 'वीक' म्हणजे अशक्त, त्याला 'अन' हा प्रत्यय लावला की अशक्त करणे किंवा अशक्त होणे. त्याला चंद्र नको, कथा नको. भिंत, हाड, सरकार, रुपया, वादळ, कायद्यातलं कलम, कोणालाही तो लागतो.

आणि तो दोन्हीकडे चालतो. पूर खांबाला 'वीकन' करतो आणि खांब आपला आपणही 'वीकन' होतो. इथे मराठी माणूस फसतो, आणि त्याला कारण आहे. मराठीत बऱ्याच क्रियापदांच्या जोड्या असतात. पान गळतं, पण आपण चहा गाळतो. फांदी तुटते, आपण ती तोडतो. भिंत पडते, कोणी ती पाडतो. होणं आणि करणं रूपातच वेगळं दिसतं. इंग्रजीत पुष्कळदा एकच रूप दोन्ही कामं करतं : 'ब्रेक', 'मेल्ट', 'वीकन'. हे एकदा कळलं की आपल्याला वाटतं सगळी क्रियापदं अशीच असणार. 'वेन' तसं नाही. ते फक्त होतं, कोणी ते करत नाही. एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा 'कमी करणे' असाही वापर होता, आजच्या इंग्रजीत नाही. 'द स्कँडल वेन्ड हिज पॉप्युलॅरिटी' हे वाक्य चूक. 'हिज पॉप्युलॅरिटी वेन्ड आफ्टर द स्कँडल' हे बरोबर. लोकप्रियता ओसरली, प्रकरणाने ती ओसरवली नाही.

मराठीत ही जात ओळखीची आहे. सूर्य मावळतो, त्याला कोणी मावळवत नाही. पूर ओसरतो. 'मावळणे' आणि 'ओसरणे' यांना करणाऱ्याची जोडी नाही, तशीच 'वेन'लाही नाही. भाचीच्या वाक्यात पूर कर्ता होता आणि खांब कर्म. तेवढ्यावरूनच 'वेन' बाद व्हायला हवा होता, अर्थापर्यंत जायची गरजही नव्हती. यातूनच आणखी एक खूण मिळते. 'वीकन्ड ब्रिज' म्हणता येतं, कारण पुलाला कोणीतरी तसं केलेलं आहे. 'वेन्ड इंटरेस्ट' मात्र कानाला खटकतं, तिथे 'वेनिंग इंटरेस्ट' हवं, अजून ओसरत असलेला रस.

वादळांच्या बातम्यांत 'वीकन' हा शब्द हमखास भेटतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राची ऊब आणि बाष्प मिळत नाही, शिवाय डोंगर, झाडं, घरं यांच्याशी घर्षण होतं, आणि त्याचा जोर उतरतो. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांत अशा वेळी 'वीकन्ड इनटू' असं येतं आणि पुढे खालच्या पायरीचं नाव. या पायऱ्या मोजलेल्या आहेत : वाऱ्याचा वेग ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असेल तर चक्रीवादळ, ५० ते ६१ असेल तर 'डीप डिप्रेशन', ३१ ते ४९ असेल तर नुसतं 'डिप्रेशन'. 'वीकन' असा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरू शकतो. 'वेन्ड इनटू' होत नाही, कारण 'वेन'ला पायऱ्या नसतात, उतार असतो. रुपयाचंही तसंच. डॉलरसमोर रुपया 'वीकन्ड' होतो, आपली वर्तमानपत्रं 'घसरला' म्हणतात. तो सकाळी घसरतो, दुपारी सावरतो. त्यात चंद्राची संथ चाल नाही.

इतिहासातलं एक उदाहरण मी भाचीला मुद्दाम दिलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं त्याला 'वेन' म्हणणं म्हणजे त्या दिवसाचा अपमान आहे. एका दिवसात पिढी कापली गेली. उत्तरेतली मराठ्यांची ताकद त्या घावाने खचली, तिथे 'वीकन्ड'सुद्धा सौम्यच वाटतो. त्यानंतर थोरले माधवराव पेशवे झाले, १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत पोचल्या, पुन्हा कळा चढल्या. हा सगळा काळ एकत्र पाहून कोणी लिहिलं की अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता 'वॅक्स्ड अँड वेन्ड', तर ते चालेल. औरंगजेब १७०७ मध्ये गेल्यावर मुघल सत्तेचं जे झालं त्याला तर 'वेन' हाच शब्द. सिंहासन होतं, बादशहा होता, नाणी त्याच्याच नावाची पडत होती, आणि दर दशकात आतून थोडं उणं होत होतं.

दवाखान्यातला फरक

हा फरक केवळ परीक्षेपुरता आहे असं वाटत असेल तर लशींकडे बघा. २०२१ मध्ये करोनाच्या लसीबद्दल 'वेनिंग इम्युनिटी' हे शब्द जगभर ऐकू येऊ लागले. त्या वर्षी जुलैअखेरीस इस्राएलने साठीपुढच्या लोकांना तिसरा डोस द्यायला सुरुवात केली. भारतात १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवर काम करणारे आणि सहव्याधी असलेले ज्येष्ठ यांना 'प्रिकॉशन डोस' मिळू लागला. लस घेतल्यावर काही आठवड्यांत रक्तातली प्रतिपिंडं भरपूर असतात, नंतर महिन्यांगणिक ती कमी होतात. संसर्ग थोपवण्याची ताकद ओसरते, गंभीर आजारापासूनचं रक्षण त्यापेक्षा जास्त टिकतं. कोणी काही बिघडवलेलं नसतं. निरोगी शरीर असंच वागतं. तो शुद्ध 'वेन' आहे.

'वीकन्ड इम्युनिटी' ही गोष्टच निराळी. अवयव बदलल्यावर घ्यावी लागणारी औषधं, केमोथेरपी, दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइड, नियंत्रणाबाहेर गेलेला मधुमेह, यांनी माणसाची रोगप्रतिकारशक्तीच कमकुवत केलेली असते. पहिल्या प्रकारात एका लशीचं रक्षण काळाने उतरलेलं असतं, दुसऱ्यात शरीराची सगळी फौज मार खाल्लेली असते. मराठी बातमीत दोन्हींना 'प्रतिकारशक्ती कमी झाली' लिहिलं जातं, आणि मग ठणठणीत माणूसही आपल्या शरीराला काहीतरी झालंय म्हणून घाबरतो. मी असे घाबरलेले शेजारी पाहिले आहेत. 'लशीचा प्रभाव ओसरतो' एवढं लिहिलं असतं तर ती भीती वाचली असती.

आणि तिसरा शब्द लशीच्या पोटातच असतो. जन्मानंतर बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात ती बीसीजी. फ्रान्समध्ये लील या गावी काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गाईंना होणाऱ्या क्षयाचा जंतू घेतला आणि १९०८ पासून १९२१ पर्यंत बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या मिश्रणावर तो पुन्हा पुन्हा वाढवला. २३० वेळा. शेवटी तो रोग करू शकेना, पण शरीराला सावध करण्याइतका उरला. अशा जंतूला 'वीकन्ड' किंवा शास्त्रीय भाषेत 'अटेन्युएटेड' म्हणतात. 'वेन्ड' कधीच नाही, कारण तेरा वर्षं कोणीतरी त्याला पद्धतशीरपणे दुबळं करत होतं. 'अटेन्युएट'च्या मुळाशी बारीक या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, संस्कृत 'तनु'चा सख्खा नातलग.

यात आणखी एक धागा आहे. ज्या रोगाविरुद्ध ही लस, त्याला आपण क्षय म्हणतो, जुन्या वैद्यकात राजयक्ष्मा. पुराणकथा अशी की सत्तावीस नक्षत्रं चंद्राच्या बायका, पण त्याचं मन एकट्या रोहिणीवर. त्यांचा बाप दक्ष रागावला आणि त्याने चंद्राला क्षयाचा शाप दिला. चंद्र झिजू लागला. पुढे प्रभासक्षेत्री त्याला उतारा मिळाला तो अर्धाच : पंधरा दिवस झिजायचं, पंधरा दिवस भरायचं. म्हणजे आपल्या पूर्वजांनी माणसाचं झिजणं पाहिलं तेव्हा त्यांनाही वद्य पक्षच आठवला.

शेजारचे शब्द

शक्ती जाण्याचे इंग्रजीत आणखी पुष्कळ शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं. माझ्या मते त्यातला सर्वांत मराठमोळा 'सॅप'. 'द हीट सॅप्ड माय एनर्जी', उन्हाने जीव शोषून घेतला. आपल्याला वाटतं झाडाच्या चिकातून, रसातून हा आला असेल, आणि आज त्या अर्थाची सावली त्याच्यावर पडलेली आहेच. पण लढाईतला 'सॅप' कुदळीच्या एका इटालियन नावातून आला. किल्ल्याच्या तटाखाली खणत खणत जायचं आणि तट आतून पोकळ करायचा. ते खणणारे 'सॅपर'. पुण्यात खडकीला ज्यांचं केंद्र आहे त्या बॉम्बे सॅपर्सच्या नावात हीच कुदळ आहे. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज भुयार खणून, सुरुंग लावूनच उडवला होता. फिरंगोजी नरसाळ्यांनी तोवर जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. असल्या कामाला आपल्याकडे 'पोखरणे' हा नेमका शब्द आहे. 'सॅप'ला शत्रू लागतो, 'वेन'ला लागत नाही.

'एब' म्हणजे ओहोटी, कोकणातली सुकती. 'वेन'ची ही सख्खी बहीण म्हणावी, कारण समुद्र चंद्राच्याच तंत्राने चालतो. फरक वेगाचा. ओहोटी सहा तासांत होते, म्हणून क्षणाक्षणाला येणारा-जाणारा राग, धीर, गर्दीचा आवाज यांना 'एब' शोभतो. 'फ्लॅग' म्हणजे ढिलं पडून लोंबणं. चढण चढताना अर्ध्यात पाय ओढू लागतात, सभेत शेवटच्या तासाला उत्साह मावळतो, तो 'फ्लॅग' होतो, आणि जो मावळत नाही तो 'अनफ्लॅगिंग'. 'विल्ट' झाडाचा : दुपारच्या उन्हात रोपांनी मान टाकली, कोमेजली. तुरीवर आणि हरभऱ्यावर पडणाऱ्या 'मर' रोगाचं इंग्रजी नावही 'विल्ट'च आहे. 'ड्विंडल' मोजता येणाऱ्या गोष्टींचा, धरणातलं पाणी, शाळेतली पटसंख्या, खात्यातली शिल्लक. वर्गातली मुलं 'ड्विंडल' होतात, मुलांचा अभ्यासातला रस 'वेन' होतो.

भाषांतर करणाऱ्यांना मी 'वेन'साठी सगळ्यात आधी 'ओसरणे' सुचवेन. पावसाचा जोर ओसरला, साथ ओसरली, लाट ओसरली, कौतुक ओसरलं. पण उलट दिशेने जाताना जपायला हवं. पुराचं पाणी ओसरतं त्याला इंग्रजीत 'रिसीड' लागतो, गर्दी ओसरते त्याला 'थिन आउट', ताप ओसरतो त्याला 'कम डाउन'. आपला एक शब्द तिथे चार दारांतून बाहेर पडतो.

उच्चाराचं एक. मराठीत आपण 'वॉटर' लिहितो आणि 'व्हॅन' लिहितो, म्हणजे इंग्रजीतले दोन 'व' आपल्या लिपीने आधीच वेगळे ठेवले आहेत. तीच सवय इथे उपयोगी पडते. चंद्राचा तो 'वेन', ओठांचा चंबू करून. रक्त वाहणारी शीर ती 'व्हेन', वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा तो 'व्हेन', आणि फोल या अर्थाचा शब्दही 'व्हेन', वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. बोलताना घोळ झाला तरी समोरचा संदर्भाने समजून घेतो. लिहिताना मात्र 'वेन'चं पहिलं अक्षर डब्ल्यू आहे हे पक्कं हवं.

दुसऱ्या दिवशी भाचीचा मेसेज आला. तिने सरावाला एक वाक्य केलं होतं : 'आजी इज वेनिंग.' आजी म्हणजे माझी आई, वय शहाऐंशी. मी तिला कळवलं की माणूस सहसा 'वेन' होत नाही, त्याचं काहीतरी 'वेन' होतं. 'आजीज स्ट्रेंग्थ इज वेनिंग' लिही. ती म्हणाली, "आणि नजर? 'हर आयसाइट इज वेनिंग' चालेल ना?" चालेल, पण तिथे इंग्रज माणूस बहुतेक 'फेलिंग' म्हणेल. नजर आणि तब्येत त्यांच्याकडे 'फेल' होतात, आपल्याकडे नजर अधू होते. थोड्या वेळाने तिचं तिसरं वाक्य आलं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं : आजीची ताकद ओसरते आहे, चौकशा मात्र ओसरल्या नाहीत. खरंच आहे ते. परवाही मी गच्चीवरून खाली आले तर दाराशी खुर्ची टाकून आई बसली होती. "दिसला का गं? केवढा राहिलाय?"